मुंजाबाभाऊंच्या शेजारची सीट

मुंजाबाभाऊ माणसं चेहऱ्यावरून नाही, चालीवरून ओळखायचे. सकाळी सात वाजता आमच्या पडेगावच्या गल्लीच्या तोंडाशी व्हॅन लावून ते बाहेर उभे असायचे, आणि गल्लीच्या पार त्या टोकाला कोणी दिसलं की इकडून नाव सांगायचे. एकदा मला म्हणाले, प्रांजलीचा डावा पाय दुखतोय, तिला म्हणावं बघ जरा. प्रांजली माझी मुलगी. संध्याकाळी विचारलं तर नव्या चपलेनं तिची टाच सोललेली. घरात आईला पत्ता नाही आणि गाडीवाल्याला शंभर पावलांवरून कळलं.

हे त्यांना मेंढरांनी शिकवलं होतं. करमाडच्या पलीकडं वस्तीवर त्यांचं घर, आणि घरापेक्षा जास्त दिवस रानात. आमच्यात मेंढरं मोजत नसत, असं ते सांगायचे. संध्याकाळी जाळीच्या कुंपणात कळप आत जाऊ लागला की त्यांचे वडील तोंडाशी नुसते उभे राहायचे आणि शेवटी म्हणायचे, भोरी आली नाय. मग कोणीतरी भोरीला शोधायला जायचं. आकडा कधी कोणी विचारला नाही.

शेंद्र्याला एमआयडीसी आली आणि त्यांच्या चराईच्या रानाला तारेची कुंपणं पडू लागली, तेव्हा मुंजाबाभाऊ बांधकामाच्या टँकरवर क्लीनर म्हणून लागले. तिथंच गाडी शिकले. कळप मात्र बानाबाई सांभाळत होत्या, त्यांची बायको. मग दोन हजार बारा-तेराचा दुष्काळ आला. प्यायला पाणी नाही तिथं मेंढरांना कुठून आणायचं? कळप विकायचा असं मुंजाबाभाऊंनी ठरवलं. त्यातली निम्मी मेंढरं बानाबाईंना माहेरून मिळालेल्या मेंढ्यांची पिलावळ होती. सगळ्यांत पुढं चालणारी म्होरकी तर त्यांनी बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. विकल्यावर बानाबाई आठ दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत. त्या पैशांतून मुंजाबाभाऊंनी ही व्हॅन घेतली, पंधरा-सोळा वर्षं जुनी, पांढरी, सरकत्या दाराची. नवरा-बायको पडेगावला राहायला आले, आमच्या घरासमोर. गाडीला ते म्होरकीच म्हणायचे. बानाबाईंच्या तोंडून मात्र मी ते नाव कधी ऐकलं नाही. त्या 'गाडी' म्हणायच्या.

त्या गाडीतून शेंद्र्याच्या एका कारखान्यात चार मुली जायच्या. प्रांजली तिथं प्रयोगशाळेत होती. तात्यासाहेबांची मेघा पॅकिंगला, आणि आणखी दोघी. चौघी मागं बसायच्या. पुढची, ड्रायव्हरच्या शेजारची सीट रिकामी. तिथं डब्यांची पिशवी. एक तर त्या सीटखाली इंजिन असल्यानं ती तव्यासारखी तापायची. आणि दुसरं म्हणजे, गाडीवाल्या पुरुषाच्या शेजारी बायकांनी बसायचं नाही. असा नियम काही कोणी केलेला नव्हता. पण बसत कोणी नव्हतं. बानाबाईसुद्धा कधी बाजाराला निघाल्या तर सरकतं दार उघडून मागंच चढायच्या. तीन वर्षांत त्या गाडीच्या पुढच्या काचेतून मुंजाबाभाऊंशिवाय कोणी रस्ता बघितलेला नव्हता. ही गोष्ट किती मोठी होती ते मला फार उशिरा कळलं.

ही हकीकत दोन हजार सोळाच्या मार्चमधली. त्या वर्षी पुन्हा पावसानं दगा दिला होता. आमच्या भागात तेव्हा नळ नव्हतेच, टँकर आठ-दहा दिवसांनी यायचा आणि पाणी चहासारखं. मग ड्रममध्ये तुरटी फिरवायची, रात्रभर ठेवायचं, सकाळी वरचं निवळ पाणी अलगद काढून घ्यायचं. तळाला राहायचा पांढुरका, राखाडी गाळ आणि त्यावर चार बोटं गढूळ पाणी. ते फेकवत नसे. मी बानाबाईंना तुरटीचं प्रमाण शिकवलं होतं, आणि तळाचं पाणी कुठं कुठं वापरता येतं तेही शिकवलं होतं. लादी पुसायला, तुळशीला, सायकल धुवायला. एकदा मुंजाबाभाऊ गाडीच्या काचेवर फवारायच्या पाण्याच्या टाकीत हंड्यातलं चांगलं पाणी ओतताना दिसले, तर मीच म्हणाले, भाऊ, काचेला कशाला एवढं निवळ पाणी? तळाचं घाला की. बानाबाईंना ते फार पटलं. तेव्हापासून ती टाकी भरायचं काम त्यांनीच घेतलं.

फेब्रुवारी संपता संपता प्रांजली सांगू लागली, मुंजाबामामा हल्ली फार हळू चालवतात. मी म्हटलं, बरंच आहे की. मग म्हणाली, चालवताना सारखं डोकं बाहेर काढतात. मला वाटलं, उकाडा आहे, वारा घेत असतील. त्यांच्या डोळ्यांवर बाकी ताण होताच. जालना रोडवर ज्याची नोकरी, त्याच्या नशिबात दोन्ही वेळचा सूर्य. सकाळी पूर्वेला जायचं, तो समोरून उगवतो. संध्याकाळी पश्चिमेला परतायचं, तो समोर मावळतो. त्यात रस्त्याची कामं, नव्या इमारतींची वाळू, डंपर. सगळं आभाळ पिठूळ झालेलं असायचं.

आणि मग एका सोमवारी संध्याकाळी चिकलठाण्याच्या अलीकडं ते झालं. रस्त्याच्या कडेला कडब्यानं भरलेली ट्रॉली उभी होती. मागच्या मुलींना ती कधीची दिसत होती. मामांना दिसत असणारच असं धरून त्या गप्पा मारत होत्या. ट्रॉली अगदी जवळ आली आणि मेघा ओरडली. ब्रेक लागला. डब्यांची पिशवी उडून काचेवर आपटली. गाडी थांबली तेव्हा कडब्याची टोकं हातभर अंतरावर होती. कुणाला लागलं नाही. मुंजाबाभाऊ स्टिअरिंग धरून तसेच बसले होते, असं प्रांजलीनं सांगितलं. डब्यांतून सांडलेली उरलीसुरली भाजी पुसायलाही कोणी हललं नाही म्हणे.

दुसऱ्या दिवशी तात्यासाहेबांच्या घरी आम्ही चार घरची माणसं जमलो. तात्यासाहेब निवृत्त मुख्याध्यापक. आवाज न चढवता निकाल देणारे. ते म्हणाले, माणूस सोन्यासारखा आहे, पण डोळे गेलेत, आणि आपल्या मुली त्यात बसतात. कुणाला नाही म्हणता आलं नाही. एक तारखेपासून दुसरी गाडी लावायची ठरली. मुंजाबाभाऊंना सांगायचं काम समोर राहते म्हणून माझ्याकडं आलं.

गुरुवारी दुपारी गेले. बानाबाई टँकरच्या रांगेत हंडे लावायला गेल्या होत्या. मुंजाबाभाऊ ओट्यावर तूर पाखडत बसले होते. मी काही बोलायच्या आधी त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"ताई, तुम्ही काहून आल्या ते ठावं हाय मला."

मग त्यांनीच सगळं सांगितलं. महिना झाला होता. उन्हाकडं तोंड केलं की समोर पांढरं व्हायचं. माणूस, जनावर, गाडी काही कळायचं नाही. त्यांच्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी उन्हाकडं बघितलं की पांढरं दिसायचं, मग लांबची मेंढरं दिसेनाशी झाली, मग जवळची, मग ताटातली भाकर. मोतीबिंदू म्हणायचं की आणखी काही, ते कोणी बघितलंच नाही. त्यांना वाटलं, आता आपला नंबर. डॉक्टरकडं गेले नाहीत, कारण डॉक्टरनं एकदा सांगितलं की संपलं. न सांगता जितके दिवस जातील तितके जातील.

मला त्यांची कीव आली, आणि रागही आला. मी बोलले, की भाऊ, चार पोरी मागं बसवून तुम्ही महिनाभर अंदाजानं गाडी हाकता? त्यांनी मान खाली घातली. म्हणाले, ट्रॉलीच्या दिवसापासून तीसच्या वर नेली नाय. एक तारखेला सोडतोच. तवर बानाला काही बोलू नका.

"का?"

त्यांनी सूप पुन्हा पुढं ओढलं आणि तूर निवडू लागले.

"तिची मेंढरं विकून ही गाडी घेतली ताई. आता गाडीबी गेली तर तिला काय सांगू, कशापायी विकली व्हती?"

मी घरी परत आले तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. पण एक गोष्टही डोक्यात अडकली होती. बोलता बोलता त्यांनी सुपातून तुरीएवढाच, तुरीच्याच रंगाचा खडा उचलून बाहेर टाकला होता. न बघितल्यासारखा, सहज. मला तो खडा ते टाकेपर्यंत दिसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, कारखान्याची सुट्टी. मी त्यांना सांगून ठेवलं होतं, सकाळी घाटीच्या सरकारी दवाखान्यात डोळे दाखवायला जायचं, मी येते. रिक्षानं जाऊ म्हटलं तर त्यांनी हात जोडले. गाडी दारात सोडून नवरा रिक्षात बसला तर बानाबाई विचारल्याशिवाय राहतील का? शेवटी ठरलं की गाडीच काढायची, अगदी हळू, आणि त्यांच्यासाठी रस्ता बघायला मी पुढं बसायचं. मी डब्यांची पिशवी उचलून मागं टाकली आणि त्यांच्या शेजारी चढले. त्यांना ते इतकं अवघड वाटलं, की ते दाराला चिकटून बसले.

गल्लीत सावली होती. काच लख्ख होती, ते रोज कोरड्या फडक्यानं पुसायचे. मुख्य रस्त्याला लागलो, छावणीकडं वळलो, आणि ऊन समोरून आलं.

समोर सगळं पांढरं झालं. खिडकीवर कोणी ओलं धोतर पसरावं तसं. पुढं रिक्षा होती ती नुसता काळा डाग झाली, तिची चाकं कुठं संपली आणि रस्ता कुठं सुरू झाला काही कळेना. मुंजाबाभाऊंनी सवयीनं डोकं बाहेर काढलं आणि गाडी कडेला घेतली.

"हे असं व्हतं बघा," ते म्हणाले. "डोळ्यात दूध ओतल्यावानी."

"भाऊ," मी म्हटलं, "मलाही तसंच दिसतंय."

त्यांना वाटलं मी समजूत घालतेय. ते हसले, आजारी माणूस भेटायला आलेल्याकडं बघून हसतो तसे. मग मी त्यांना खाली उतरायला लावलं. उजवीकडं मोकळं माळरान होतं, गवत केव्हाच संपलेलं, आणि पार लांब, बाभळीपाशी काही जनावरं हलत होती. मी विचारलं, तिकडं मेंढरं दिसतात का तुम्हाला?

त्यांनी भुवयांवर हात धरला.

"मेंढरं नायत ताई. बकऱ्या हायत. मागची लंगडती. गाभण दिसती."

मला त्या बकऱ्या आहेत की कुत्री तेही कळत नव्हतं. गाडीचं तोंड थोडं वळवून घ्यायला सांगितलं, आता सीटवर बसून काचेतून बघा म्हटलं. ते बसले. बकऱ्या गेल्या. उतरले, बकऱ्या आल्या. पुन्हा बसले, पुन्हा उतरले. तिसऱ्यांदा उतरल्यावर ते काचेसमोर जाऊन उभे राहिले. आता त्यांची पाठ उन्हाकडं होती. त्यांनी बोटाला थुंकी लावून काचेवर घासलं, बोटाकडं बघितलं आणि जिभेला लावलं.

"ताई," ते म्हणाले, "हे तर तुरट लागतंय."

तुरटी. ड्रमचा तळ. काचेला कशाला निवळ पाणी, म्हणणारी मी.

घाटी राहिली तशीच. गाडी वळवून आम्ही पडेगावच्या रस्त्यावर अभयच्या शेडकडं आलो. आता ऊन पाठीशी होतं आणि काच अशी स्वच्छ दिसत होती, की मला स्वतःचीच शंका येऊ लागली. अभय गाड्यांची वायरिंग करणारा, तिशीतला, बोलण्यात निम्मं हिंदी. मुंजाबाभाऊंना बाबा म्हणायचा. आम्ही दोघं एकाच वेळी सांगू लागलो तेव्हा त्यानं हातानं थांबवलं आणि आधी विचारलं, पाणी मारून बघितलं का काचेवर?

मुंजाबाभाऊ म्हणाले, ते तर महिना झाला येत नाही. पाण्याचीच बोंब, काचेला कोण पाजणार, म्हणून दुरुस्तही केलं नाही.

अभयनं स्टिअरिंगजवळची दांडी ओढायला लावली आणि स्वतः टाकीपाशी कान नेला. टाकीला लागूनच अंगठ्याएवढा पंप असतो, तो पाणी वर काचेकडं ढकलतो. आतून बारीक कण्हल्यासारखा आवाज आला. म्हणाला, मरा नहीं है, अडकलाय. तरी पंपाची वायर काढून त्यानं टेस्ट लॅम्प लावला, करंट बरोबर येतोय याची खात्री केली. मग पंपाकडून काचेकडं जाणारी रबरी नळी उपसली आणि पुन्हा दांडी ओढायला सांगितलं. एक थेंब आला नाही. म्हणजे वर तोटीत अडचण असली नसली तरी खरं दुखणं खाली होतं. वरच्या तोट्यांत त्यानं सुई घालून बघितली, तर त्यातून दाताच्या कीटणासारखे पांढरे तुकडे निघाले.

मग त्यानं टाकीच सोडवली. पंप ओढून काढला, आणि त्याच्या तोंडाची बारीक जाळी आम्हाला दाखवली. जाळी दिसतच नव्हती. राखाडी, घट्ट थर. टाकी उलटी केली तर आतून गाळाचा गोळा सपकन जमिनीवर पडला.

"बाबा, दही लावलंय का टाकीत?" अभय म्हणाला.

मुंजाबाभाऊंनी माझ्याकडं बघितलं नाही. मला ते फार लागलं. मीच सांगून टाकलं की शिकवण माझी आहे.

अभयला हसू आवरत नव्हतं, पण त्यानं नीट समजावलं. आधी पंप चालत होता तोवर हे गाळाचं आणि क्षाराचं पाणी रोज काचेवर फवारलं गेलं, उन्हानं तिथंच वाळलं, त्यावर पुन्हा फवारलं. कोरड्या फडक्यानं धूळ निघते, हे निघत नाही, उलट चोळलं जातं. मग पंप तुंबला, आणि नुसता वायपर धुळीवर फिरत राहिला. सावलीत काही दिसत नाही. समोरून ऊन आलं की काच पांढरी. बाबांचे डोळे नाही, गाडीचे डोळे आले होते.

त्यानं जाळी ब्रशनं साफ केली, पंपाचा दांडा बारीक पेचकसानं फिरवून मोकळा केला आणि सीटखालच्या बॅटरीला दोन वायरी लावून बघितलं. पंप भुंग्यासारखा गुणगुणला. मुंजाबाभाऊंनी तो हातात मागून घेतला. तळहातावर तो थरथरत होता आणि ते त्याच्याकडं, कोकरू जन्मल्यावर बघतात तसं बघत होते.

सगळं पुन्हा बसवलं, पण टाकीत घालायला पाणी? अभयकडं पिण्याची एक कळशी होती, दिवसाची. मी माझ्या पिशवीतली बाटली काढली, घाटीच्या रांगेत लागेल म्हणून भरून घेतलेली, गाळून उकळलेली. ओतली. दांडी ओढली. आधी वारा सुटला, मग थुंकल्यासारखं झालं, आणि मग दोन धारा उडाल्या. एक काचेवर, एक थेट छपरावरून मागं उभ्या असलेल्या माझ्या तोंडावर. अभयनं सुईनं तोटी खाली वळवली. मला वाटलं, बरंच झालं, मला मिळायलाच हवं होतं.

काचेवरचा थर मात्र पाण्यानं जाण्यातला नव्हता. अभय बाजारातलं काही औषध सुचवत होता. मी म्हटलं, थांब. पाणी तापवायच्या भांड्यांवर असाच थर बसतो आणि तो कशानं जातो हे मला माहीत आहे. गाडी घरी आणली, बानाबाईंना हाक मारली आणि मूठभर चिंच भिजत घालायला सांगितली.

आता सांगणं भाग होतं. मी माझ्या बाजूचं सांगितलं, टाकीचं, तुरटीचं. मुंजाबाभाऊंनी त्यांच्या बाजूचं सांगितलं. चिंच कोळता कोळता बानाबाई ऐकत होत्या. आधी माझ्याकडं बघून म्हणाल्या, ताई, तुमच्या शहाणपणानं अन् मपल्या हातानं, दोघींनी मिळून माणूस आंधळा केला की. मला हसावं की रडावं कळेना. मग त्यांनी कोळ बाजूला ठेवला आणि नवऱ्याकडं वळल्या.

"मेंढरं विकली तवा तरी सांगून विकली व्हती," त्या म्हणाल्या. "डोळे काय न सांगता घालवणार व्हता?"

मुंजाबाभाऊंनी जुन्या धोतराचा मऊ तुकडा घेतला, कोळात बुडवला आणि काच चोळायला लागले. थोड्या वेळानं बानाबाईंनी दुसरा तुकडा घेतला आणि पलीकडच्या बाजूनं सुरुवात केली. तासभर दोघं चोळत होती. मी अधूनमधून निवळ पाण्याचा हात फिरवत होते. वरचं निवळ, ड्रमच्या तळाचं नाही, हे बानाबाई दर वेळी विचारून घेत होत्या.

घाटीत आम्ही सोमवारी गेलो, मुलींना सोडून आल्यावर. मी सोडलं नाही त्यांना. काच ती काच, वयही होतंच की. डॉक्टर तरुण होत्या. भिंतीवरची अक्षरं मुंजाबाभाऊंना वाचता येत नाहीत म्हणून डॉक्टरांनी आकड्यांचा तक्ता लावला, तर मुंजाबाभाऊंनी शेवटची ओळसुद्धा सांगितली. एका डोळ्यात मोतीबिंदूची नुसती सुरुवात आहे, त्रास व्हायला अजून बरीच वर्षं लागतील, दर वर्षी दाखवायला या, म्हणाल्या. आईला जे झालं ते आता छोट्या ऑपरेशननं बरं होतं, हेही सांगितलं. तेवढं ऐकल्यावर मुंजाबाभाऊ बाहेरच्या बाकावर जाऊन बसले आणि टोपीनं तोंड पुसत राहिले. मीही शेजारी बसले. अर्धा तास आम्ही दोघंही उठलो नाही.

पण त्याआधी शनिवार होता, आणि तात्यासाहेब.

शुक्रवारी संध्याकाळीच मी त्यांना सगळं सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, तुमच्यावर माझा विश्वास आहे, पण मी मेघाचा बाप आहे. उद्या संध्याकाळी मी शेंद्र्याहून येताना बसतो. शनिवारी दुपारी ते खरंच एसटीनं तिथं गेले, कारखान्याच्या फाटकाशी उभे राहिले, आणि सुटी झाल्यावर पुढचं दार उघडून मुंजाबाभाऊंच्या शेजारी बसले. तापल्या सीटवर, कडक इस्त्रीच्या पायजम्यात. पुढचं मला प्रांजलीनं सांगितलं. करमाडकडून येणारे डंपर, धूळ, आणि बरोबर समोर मावळतीचा गोळा. मुंजाबाभाऊंनी दोनदा पाणी मारलं, वायपर फिरवला. तात्यासाहेब पूर्ण रस्ताभर काचेकडं बघत होते. चिकलठाण्याच्या अलीकडं, जिथं ती ट्रॉली होती, तिथं आज एक सायकलवाला उलट्या बाजूनं येत होता. मुंजाबाभाऊंनी लांबूनच वेग कमी केला आणि म्हणाले, ह्याची चेन पडली वाटतं, पायडल मारीत नाय. जवळ गेल्यावर दिसलं, खरंच चेन लोंबत होती.

गल्लीत उतरताना तात्यासाहेब थांबले.

"मुंजाबा, एक तारखेनंतरही नेहमीच्या वेळेला या," ते म्हणाले. मग पायजमा झटकत म्हणाले, "आणि ह्या सीटवर पोतं टाका काहीतरी. भाजलं मला."

पोतं पडलं. त्यावर बानाबाईंनी चिंध्यांची जाड वाकळ शिवून टाकली, आणि चौघी मुलींनी वार वाटून घेतले. रोज एकजण पुढं बसायची. दोन डोळ्यांपेक्षा चार बरे, असं प्रांजली म्हणाली. डब्यांची पिशवी मागं गेली. पुढं, पायांपाशी, निवळ पाण्याची एक बाटली आली, तिच्यावर मेघानं कागद चिकटवला होता, 'प्यायचं नाही, काचेचं.'

त्याच्या पुढच्या शुक्रवारी मुंजाबाभाऊंच्या भावाकडं करमाडला काही कार्य होतं. मलाही बोलावलं होतं. मी सरकतं दार उघडून मागं बसले. बानाबाई सवयीनं माझ्यामागून चढू लागल्या, तर मी पाय आडवा घातला. त्या क्षणभर थांबल्या, पदर सावरला आणि पुढं जाऊन बसल्या. मुंजाबाभाऊ पुन्हा दाराला चिकटले.

संध्याकाळी परत येताना शेंद्र्याची कुंपणं मागं गेली आणि सूर्य समोर आला. बानाबाई काचेतून बघत होत्या. कधीकाळी कळप घेऊन त्या याच वाटेनं चालत गेल्या असतील, पण ते त्या बोलल्या नाहीत. मुंजाबाभाऊंनी दांडी ओढली. दोन धारा उडाल्या, वायपर फिरला. थोडं पुढं जाऊन त्यांनी पुन्हा ओढली, आणि मग तिसऱ्यांदा, काच स्वच्छ असताना.

"पुरं झालं पाणी," बानाबाई म्हणाल्या. "दिसतंय ना?"

"दिसतंय की."

"मग हाका आता म्होरकीला."

मुंजाबाभाऊंनी एकदा वळून बायकोकडं बघितलं. मग मागं वळून माझ्याकडं बघणार होते, तर बानाबाईंनी त्यांचं तोंड हातानं रस्त्याकडं फिरवलं.